दोरीच्या वेढ्यातले क्षेत्रफळ

शाळा सुटून तीस वर्षे झालेल्या माणसाला गणितातले काय आठवते असे विचारले, तर बहुधा दोनच गोष्टी बाहेर पडतात. एक पायथागोरस आणि दुसरे ‘पाय आर स्क्वेअर’. या दुसऱ्या मंत्रातला ‘आर’ म्हणजे त्रिज्या. पुस्तकातल्या वर्तुळात ती आयती काढून दिलेली असते. घराबाहेरच्या वर्तुळांत मात्र तिचा पत्ता लागत नाही. विहिरीचा मध्य पाण्यावर, पाराचा मध्य पिंपळाच्या पोटात, उभ्या झाडाचा मध्य त्याच्या गाभ्यात. तिथे टेप लावायचा कसा?

हाती असते ती दोरी, आणि दोरीने मिळतो तो वेढा, म्हणजे परीघ. तेवढा पुरतो. परिघाला ७ ने गुणून २२ ने भागले की व्यास निघतो. मग अर्धा परीघ गुणिले अर्धा व्यास, की झाले क्षेत्रफळ. समजा, विहिरीच्या आतल्या कडेचा वेढा ६६ फूट भरला. व्यास २१ फूट. ३३ गुणिले साडेदहा, म्हणजे साडेतीनशेला थोडे कमी, ३४६.५ चौरस फूट. या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ९,८०० लिटर. रात्रीतून पाणी किती चढले एवढे पाहिले, की सकाळी मोटर किती वेळ चालवायची याचा अंदाज बांधावर उभ्या उभ्या करता येतो.

विहीर खोदताना हेच गणित पैशांवर येते. वीस फुटांऐवजी चोवीस फूट व्यासाची घेऊ, चारच फुटांचा तर प्रश्न, असे सहज म्हटले जाते. पण वीस फुटांचे क्षेत्रफळ ३१४ चौरस फूट आणि चोवीस फुटांचे ४५२. दहा फूट खोल जाताना सुमारे चौदा ब्रास दगडमाती जास्त उचलावी लागते. मजुरी नुसत्या खोलीवर ठरली असेल, तर ती जादा माती खोदणाऱ्याच्या डोक्यावर फुकट बसते.

अर्धा परीघ आणि अर्धा व्यास यांचा हा नियम आर्यभटापासून चालत आला आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त तोच थोड्या वेगळ्या शब्दांत दिला, आणि परीघ काढण्यासाठी दोन भाव सांगितले. सूक्ष्म काम असेल तर ३९२७ भागिले १२५०, रोजच्या व्यवहाराला २२ भागिले ७. आपल्या ६६ फुटी विहिरीत या दोहोंतला फरक जेमतेम हाताच्या पंजाएवढ्या जागेचा पडतो. व्यवहाराला २२ भागिले ७ म्हणणारा माणूस व्यवहार जाणत होता!

पण नियम खरा कशावरून? याचे सुरेख उत्तर कोकणातले आहे. मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ, ज्यांच्या ‘ग्रहलाघवा’वरून महाराष्ट्रातली पंचांगे पिढ्यान् पिढ्या तयार झाली, त्यांनी १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. त्यांची युक्ती भाकरीवर करून पाहण्याजोगी आहे. भाकरीचे मधोमध दोन भाग करा. प्रत्येक अर्ध्याच्या मध्यापासून कडेपर्यंत बारीक फाका पाडा, पण कडा तुटू देऊ नका. आता दोन्ही कडा सरळ ताणल्या की दोन करवती तयार होतात. त्यांचे दात एकमेकांत बसवले की होतो आयत. लांबी अर्धा परीघ, रुंदी अर्धा व्यास. फाका जितक्या बारीक, तितका आयत नेटका. मुलांना सूत्र पाठ करायला लावण्याआधी एक भाकरी खर्ची घालायला हरकत नाही.

वेढ्याचे आणखी एक माप लाकडाच्या व्यापारात आहे आणि ते वेगळेच उत्तर देते. ओंडक्याच्या वेढ्याचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. एडवर्ड हॉपस या इंग्रज मापकाने १७३६ मध्ये या पद्धतीचे कोष्टक छापले आणि साहेबाबरोबर ती आपल्याकडेही रुळली. ८८ सेंटिमीटर वेढ्याचा ओंडका घ्या. व्यास २८, म्हणून खरे क्षेत्रफळ ६१६ चौरस सेंटिमीटर. चौथाईच्या हिशेबाने मात्र २२ चा वर्ग, ४८४. शंभरातले एकवीस-बावीस घनफूट कागदावर येतच नाहीत.

याला सरसकट लबाडी म्हणता येणार नाही. वेढा सालीसकट मोजलेला असतो. साल एक सेंटिमीटर जाड धरली तरी आतले लाकूड ५३१ वर येते. शिवाय या ओंडक्यातून मोठ्यात मोठी चौकोनी तुळई कापली, तर तिचा छेद ३९२ च्या वर जात नाही. भावही त्याच मापाने ठरलेला असेल तर तक्रारीला जागा नाही. गोची होते ती भाव एका घनफुटाचा आणि मोजणी दुसऱ्या घनफुटाची असते तेव्हा. बांधावरचा साग विकणाऱ्याने दर ऐकण्याआधी माप कोणते हे विचारावे. आणि तुळई कापल्यावर कडेचे जे चार तुकडे सुटतात, ते सालीसकट ओंडक्याचा तिसरा हिस्सा ओलांडतात. लाकूड आपलेच चिरायला नेले असेल, तर ते तुकडे गिरणीत राहणार की बैलगाडीतून परत येणार, हेही तिथेच बोलून घ्यावे.