चातकाची तहान

निकालाची, बदलीच्या ऑर्डरची, थकलेल्या पगाराची आपण ‘चातकासारखी’ वाट पाहतो. यामागची समजूत निदान कालिदासाच्या ‘मेघदूता’इतकी जुनी: हा पक्षी म्हणे फक्त पावसाचंच पाणी पितो. हे साफ खोटं. त्याला बराचसा ओलावा मिळतो तो खाल्लेल्या केसाळ सुरवंटांतून.

वेळ मात्र जुन्या लोकांनी अचूक हेरली. उत्तर आणि मध्य भारतात दिसणारे चातक आफ्रिकेतून येतात, मोसमी वाऱ्यांच्या पाठबळावर, मे-जूनच्या सुमारास. (दक्षिणेत काही बारमाही राहतात.) पाऊस पडला की सुरवंट माजतात आणि सातभाई पक्षी घरटी करू लागतात. चातकाला नेमकं तेच हवं असतं, कारण तो स्वतः घरटं बांधतच नाही. मादी सातभाईच्या घरट्यात गुपचूप अंडं घालते, तेही यजमानाच्या अंड्यासारखंच निळसर. पुढे पिल्लाला भरवत बसतात सातभाई! तहानलेला तपस्वी कसला, पक्का संधिसाधू.

पाठ काळी, पोट पांढरं, डोक्यावर टोकदार तुरा, पंखावर पांढरा ठिपका, ही त्याची खूण. ‘पेरते व्हा’ म्हणणारा करडा पक्षी पावशा. दोघांची गल्लत करू नका.