डांगे अध्यक्ष, एस. एम. सचिव : संयुक्त महाराष्ट्र समितीची मोट

वरवट बकालकर मंडळी, आघाडी सांभाळणं काय असतं ते समजून घ्यायचं तर संयुक्त महाराष्ट्र समितीकडे बघा. 6 फेब्रुवारी 1956 ला पुण्यात केशवराव जेधेंच्या अध्यक्षतेखाली सभा झाली आणि समिती उभी राहिली. अध्यक्षपद कम्युनिस्ट डांगेंकडे, सचिवपद समाजवादी एस. एम. जोशींकडे! या दोन पक्षांचं एरवी विळ्या-भोपळ्याचं सख्य. सोबत शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनही. एकाला खुर्ची, तर दुसऱ्याच्या हाती कारभार. मला तर ही वाटणीच समितीचा कणा वाटते. आणि मागणी एकच ठेवली, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र. बाकीचे वाद बाजूला.

1957 च्या निवडणुकीत समितीकडून डांगे मुंबईतून आणि फेडरेशनचे दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर गेले, एस. एम. पुण्यातून आणि लेखक-पत्रकार आचार्य अत्रे दादरमधून विधानसभेवर. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर फटका बसला. आपला बुलडाणा जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 लाच द्वैभाषिक मुंबई राज्यात आला होता, पण विदर्भात समितीचा जोर चालला नाही. इथं काँग्रेस भक्कम होती, शिवाय वेगळ्या विदर्भाची मागणीही जुनीच. घरातल्या जुन्या माणसांना त्या निवडणुकीचं काही आठवत असेल तर खाली नक्की लिहा.