उच्चस्पष्ट दूरचित्रवाणी आणि युरोपातील शासकीय अर्थसाहाय्य

मे १९८६ मध्ये दुब्रोव्हनिक येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय नभोवाणी सल्लागार समितीच्या अधिवेशनात जपानची ११२५ रेषांची उच्चस्पष्ट दूरचित्रवाणी-पद्धती जागतिक प्रमाण म्हणून पुढे आली. तिच्यामागे एनएचके या संस्थेचे १९६४ पासूनचे संशोधन होते. युरोपीय शासनांनी तिला विरोध केला. त्यांचे तांत्रिक आक्षेप निराधार नव्हते. परंतु संचांचा सारा धंदा जपानी कारखान्यांकडे जाईल, ही भीती त्यांहून प्रबळ होती.

त्याच वर्षी शासकीय अर्थसाहाय्याने 'युरेका ९५' हा प्रकल्प सुरू झाला. फिलिप्स, थॉमसन व बॉश हे त्यातील प्रमुख उद्योग होत. प्रचलित ६२५ रेषांच्या दुप्पट रेषांचे चित्र उपग्रहाच्या मर्यादित वाहिनीतून पाठवावयाचे कसे, हा खरा प्रश्न होता. एचडी-मॅक पद्धतीत चित्राच्या स्थिर भागांचा तपशील ८० मिलिसेकंदांत हप्त्याहप्त्याने जाई. वेगाने हलणारे भाग २० मिलिसेकंदांत, पण कमी तपशिलाने जात. कोणता भाग कसा जुळवावयाचा, ही सूचना संचास डिजिटल संकेतांनी मिळे. म्हणजे सूचना डिजिटल, चित्र मात्र अ‍ॅनलॉग! या विसंगतीतच पद्धतीचे भवितव्य दडलेले होते, असे म्हणावयास हरकत नाही. जून १९९० मध्ये जनरल इन्स्ट्रुमेंट या अमेरिकन कंपनीने संपूर्ण डिजिटल पद्धती जाहीर केली. तरीही १९९२ च्या आल्बेरव्हिल व बार्सिलोना येथील ऑलिंपिक सामन्यांचे एचडी-मॅक प्रक्षेपण थाटाने पार पडले.

दरम्यान आज्ञेचाही उपयोग होईना. १९८६ च्या निर्देशाने थेट प्रक्षेपणाच्या उपग्रहांवर मॅक पद्धती सक्तीची केली होती. परंतु अ‍ॅस्ट्रा उपग्रह दूरसंचाराच्या वर्गात मोडत असल्याने स्काय वाहिन्या १९८९ पासून त्यावरून जुन्या पाल पद्धतीनेच प्रक्षेपण करू लागल्या. (राजाज्ञेने भाषेचे प्रमाण ठरविणाऱ्यांचा अनुभव याहून फारसा निराळा नाही.)

युरोपीय आयोगाने १९९२ मध्ये ८५ कोटी एक्यूंची योजना मांडली; ब्रिटनने ती अडविली. १९९३ मध्ये २२.८ कोटींवर तडजोड झाली, आणि हे साहाय्य एचडी-मॅकसाठी न राहता १६:९ प्रमाणाच्या रुंद चित्रात निर्माण होणाऱ्या कार्यक्रमांना मिळू लागले. पैसा विशिष्ट संकेतपद्धतीपासून सुटला, तेव्हाच तो उपयोगी पडला. रुंद चित्र टिकले, एचडी-मॅक गेले. सप्टेंबर १९९३ मध्ये प्रक्षेपक व उत्पादक यांनी एकत्र येऊन डीव्हीबी प्रकल्प स्थापिला. त्याचे डिजिटल प्रमाण आधी परस्परसंमतीने ठरले. युरोपीय निर्देश १९९५ मध्ये, मागाहून आला.