हत्तीवर न बसणारा चोर

जुन्या हॉलिवूडच्या संगीतमय विनोदी चित्रपटांच्या गोष्टी नुसत्या ऐकल्या तरी हसू येतं. १९५४ च्या ‘सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स’मध्ये भाऊ चक्क मुली पळवून आणतात आणि बर्फाचा कडा कोसळल्यामुळे वसंतापर्यंत कुणालाच परतता येत नाही! आपल्या ‘सत्ते पे सत्ता’चं मूळ हेच.

पण अशा अजब गोष्टीसाठी रायपूरकरांना इतकं लांब जायला नको. इथे जन्मलेल्या आणि नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेल्या हबीब तन्वीर यांनी १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’ रंगमंचावर आणलं. गोष्ट राजस्थानची, विजयदान देथांनी लिहिलेली. पण बोली छत्तीसगढी आणि नट गावोगावच्या नाचातले.

चोर गुरूसमोर गमतीत चार शपथा घेतो : सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवर बसून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. चोराला हे देणार तरी कोण? गुरू पाचवी जोडतो, खोटं बोलणार नाही. आणि एकेक सगळं खरंच दारात येतं. राणी लग्नाचं विचारते, हा नकार देतो. निदान कुणाला सांगू नकोस, अशी ती विनवणी करते. तेही जमत नाही, आणि चोराचा जीव जातो. हॉलिवूडने इथे नक्की वरात काढली असती!

१९८२ मध्ये या नाटकाने एडिनबरोतही पुरस्कार मिळवला. श्याम बेनेगल यांनी १९७५ मध्येच त्यावर बालचित्रपट केला, त्यात राजकन्या आहे स्मिता पाटील. मुलांबरोबर बघणार असाल, तर शेवट आधी सांगू नका.