गोडाला फाटा देणारी मादाम पोमेरी

मोठ्या जाऊबाईंच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. फ्रान्समध्ये शिकणारा पुतण्या नेमका सुटीवर आला होता, तो येताना शॅम्पेनची बाटली घेऊन आला. आमचं घर जुन्या वळणाचं. पण हौसेला मोल नाही! ह्यांनी हवी त्याला दोन-दोन घोट दिले.

मी आपली सरबताच्या अपेक्षेनं घोट घेतला आणि चमकलेच. गोड म्हणून नाही! आधी लिंबाचा, हिरव्या सफरचंदाचा आंबटपणा. मग जिभेवर बारीक बुडबुड्यांची चुणचुण. आणि मागाहून भाजलेल्या पावाचा, बदामाचा खमंग वास. घोट संपला की तोंड कसं स्वच्छ होतं, आणि हात आपोआप खाऱ्या काजूंकडे वळतो.

"अगं बाई, साखर घालायची राहिली की काय?" जाऊबाईंनी विचारलं. सगळे हसले. पण मला तो प्रश्न काही सोडेना. पुतण्याला विचारलं, चार पुस्तकं चाळली, तेव्हा कळलं की एकेकाळी शॅम्पेन पाकासारखी गोडच असे. रशियाला जाणाऱ्या बाटल्यांत तर लिटरमागे दोनशे ग्रॅमहून जास्त साखर!

शॅम्पेन हा ईशान्य फ्रान्सचा थंड प्रदेश. तिथली द्राक्षं आंबटसरच राहतात. त्यांची वाईन तयार झाली की थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटल्या बंद करतात. बाटलीतच ती पुन्हा आंबते आणि आतला वायू कोंडून राहतो, तेच बुडबुडे. यीस्टचा गाळ आतच राहतो, त्यातून पावाचा वास येतो. आज साध्या शॅम्पेनलाही निदान १५ महिने मुरवावं लागतं. शेवटी गाळ काढून वाईनमध्ये विरघळवलेली साखर घालतात. गोड की कोरडी, हे ठरतं ते इथं.

ही साखर कमी करण्याचं धाडस करणाऱ्यांत ठळक नाव आहे रँस शहरच्या लुईझ पोमेरी या बाईंचं. १८५८ मध्ये नवरा वारला, तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. पदरी दोन मुलं. बाईंनी रडत न बसता धंद्याची सूत्रं हाती घेतली. शहराच्या पोटात रोमन काळातल्या खडूच्या खाणी होत्या, त्या जोडून त्यांनी थंडगार तळघरं करवली. इंग्लंडमधल्या गिऱ्हाइकांना जेवणाबरोबर चालेल अशी, कमी गोड शॅम्पेन हवी आहे, हे त्यांनी हेरलं आणि १८७४ ची 'ब्रूट' शॅम्पेन बाजारात आणली. आज तीच चव जगभर रूढ आहे. लेबलावर 'ब्रूट' असेल तर साखर लिटरमागे १२ ग्रॅमहून कमी.

यात धाडस कसलं, असं तुम्ही म्हणाल. त्याचं उत्तर मला ह्यांच्या आत्याबाईंनी दिलं. तरुणपणी कुंकू पुसलं गेलं, तेव्हापासून मसाल्यांचा घरगुती धंदा करून त्यांनी दोन मुलं शिकवली. आमच्याकडे हळदीकुंकू असलं की त्या आपणहून आतल्या खोलीत जाऊन बसतात. त्या दिवशीही त्या दारातच उभ्या होत्या. मी पेला पुढे केला. त्यांनी घोट घेतला नाही. नुसता वास घेतला.

"ताज्या पावाचा वास येतोय गं," त्या म्हणाल्या. मग मी त्यांना पोमेरीबाईंची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "खरंय. आमटी बिघडली की आपण गूळ वाढवतो. गूळ घालायचाच नाही म्हटलं, तर डाळ आणि मसाला दोन्ही चोख लागतात. बाई हिमतीची!"

शंभर पुस्तकांतून कळलं नसतं, ते त्या एका वाक्यानं कळलं.

जाता जाता एक सूचना. अशी बाटली घरी आलीच तर आधी चांगली गार करा, हलवू नका. आत मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो. बूच कुणाच्या तोंडाकडे धरू नका; ते हातात घट्ट धरून बाटली हळूहळू फिरवा. आणि दोन घोटांवर थांबा!

आणि हो, येत्या संक्रांतीला आमच्या हळदीकुंकवाचं पहिलं वाण आत्याबाईंच्या हातात द्यायचं, हे मी आणि जाऊबाईंनी ठरवलंय.