आधी ओळख, मग वीज

घरी पाहुणे आले की तुम्ही काय करता? दारातच ताट वाढता का? नाही. आधी पाण्याचा ग्लास देता, मग नाव-गाव विचारता. त्यानंतर घरात काय आहे ते पाहून जेवायला बसवता. संगणकही असाच वागतो!

माउस, कळफलक, पेनड्राइव्ह ही उपकरणे संगणकाच्या ज्या खाचेत जोडतात, तिला यूएसबी पोर्ट म्हणतात. या पद्धतीचे पहिले नियम जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. ती घडवणाऱ्यांमध्ये अजय भट्ट हे भारतात जन्मलेले अभियंते प्रमुख होते. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकले. ज्यांचे नाव या विद्यापीठाला दिले आहे, ते सयाजीराव गायकवाड आपल्या नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे.

यूएसबीच्या तारेतून माहिती जाते, तशीच ५ व्होल्ट दाबाची वीजही जाते. पण नवे उपकरण जोडताच संगणक त्याला ओळखत नसतो. म्हणून ओळख पटेपर्यंत उपकरणाने १०० मिलीअँपिअरपेक्षा जास्त वीज घ्यायची नाही, असा नियम आहे. हा झाला पाण्याचा ग्लास!

मग संगणक उपकरणाला एक क्रमांक देतो आणि विचारतो, "तू कोण? तुला किती वीज लागेल?" याचे उत्तर उपकरणात आधीच नोंदवलेले असते. ही मागणी दोन-दोन मिलीअँपिअरच्या मापाने लिहितात. तेथे २५० हा आकडा असेल, तर मागणी ५०० मिलीअँपिअरची असते. तेवढी वीज देता येत असेल, तरच संगणक मंजुरी देतो. यूएसबी २.० मध्ये ५०० ही कमाल मर्यादा आहे. २००८ साली आलेल्या यूएसबी ३.० मध्ये ओळखीपूर्वी १५० आणि मंजुरीनंतर ९०० मिलीअँपिअरपर्यंत वीज घेता येते.

तुम्ही म्हणाल, एवढी बंधने कशाला? धामणगाव बढे परिसरातील शेतकऱ्याला विचारा. मंजुरीपेक्षा मोठे पंप सर्वांनी एकदम चालवले, तर डीपी जळते. मग ज्याने नियम पाळला, त्याचेही पीक पाण्यावाचून सुकते. संगणकातही एका उपकरणाने जास्त वीज ओढली, तर दाब कमी होतो. शेजारच्या पेनड्राइव्हवर चाललेले काम अर्ध्यावर थांबू शकते.

एकदा माझ्या वर्गातील एका मुलीने हार्डडिस्क आणली. "सर, ही बिघडली," ती रडवेली होऊन म्हणाली. तिच्या भावाच्या लग्नाचे सारे फोटो त्यात होते. तिने ती चार तोंडांच्या हबला जोडली होती. त्या हबला स्वतंत्र वीज नव्हती. अशा हबला संगणकाकडून ५०० मिलीअँपिअर मिळतात. त्यांतील १०० तो स्वतःसाठी ठेवतो आणि प्रत्येक तोंडाला १०० देतो. हार्डडिस्कची मागणी ५०० ची होती. ती मंजूर कशी होणार? आम्ही ती सरळ संगणकाला जोडली. फोटो दिसू लागले आणि तिचा चेहरा खुलला.

तेव्हा मुलांनो, एखादे उपकरण चालले नाही, तर लगेच ते टाकून देऊ नका. त्याची मागणी किती आणि त्याला मिळते किती, हे आधी पाहा.