केशवरावांमागची ललितकलादर्श

संगीत नाटकमंडळी म्हणजे एका गळ्याभोंवतीं उभारलेला संसार, अशी आपल्याकडे पूर्वीं समजूत होती, आणि ती अगदींच खोटी नव्हती. तिकिटें खपत तीं त्या गळ्याच्या नांवावर, आणि मंडळीच्या बिऱ्हाडीं जेवणाऱ्या सर्वांचें पोट चाले तें त्या तिकिटांवर. तो गळाच बंद झाला तर काय करावें? किर्लोस्कर मंडळीनें याचें एक उत्तर दिलें होतें. १९०१ सालीं भाऊराव कोल्हटकर वारले, आणि १९०५ सालीं मंडळीला बालगंधर्व लाभले. म्हणजे एका असामान्य गळ्याच्या जागीं दुसरा असामान्य गळा! पण १९१३ सालीं तेहि आपली स्वतंत्र मंडळी काढण्यासाठीं निघून गेले.

ललितकलादर्शवरील प्रसंग याहून कठीण होता. केशवराव भोसले तिचे मुख्य गायक तर होतेच. शिवाय १९०८ सालीं हुबळीस ती स्थापन करणारेहि तेच. ८ जुलै १९२१ रोजीं टिळक स्वराज्य फंडासाठीं मुंबईंत संयुक्त ‘मानापमान’ झालें. बालगंधर्वांच्या भामिनीसमोर केशवराव धैर्यधर होते. त्यानंतर तीन महिने पुरे होण्याच्या आंत, ४ ऑक्टोबरला, पुण्यांत विषमज्वरानें ते गेले. वय अवघें एकतीस.

धुरा बापूराव पेंढारकरांकडे आली. केशवरावांचीच पदें त्यांच्यासारखीं म्हणून दाखवावीं, हा मार्ग सोपा दिसतो. पण त्यांत जिवंत माणसाची तुलना स्मृतीशीं होते, आणि स्मृति कधीं बेसूर होत नाहीं. आमच्या खारघरांतील तरुण मंडळीहि आवडत्या वाद्यवृंदाचा गायक बदलला कीं हाच न्याय लावतात! बापूरावांनीं १९२२ सालीं मामा वरेरकरांचें ‘सत्तेचे गुलाम’ रंगभूमीवर आणलें. हें नाटक त्या काळच्या समाजाचें होतें, देवादिकांचें किंवा राजेरजवाड्यांचें नव्हे. नव्या नाटकांतील नवीं पदें केशवरावांच्या तोंडून कोणीं ऐकलेलींच नव्हतीं. तीं ज्याच्या तोंडून प्रथम ऐकलीं, त्याचींच झालीं. मला यांत बापूरावांचें खरें शहाणपण दिसतें. त्यांनीं परंपरा मात्र तोडली नाहीं: ज्या रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम केशवरावांना मिळाली होती, त्यांच्याच चाली बापूरावांनींहि गाइल्या. गुरु तोच, गळा वेगळा. पुढें १९२३ सालीं ‘तुरुंगाच्या दारांत’ आणि १९३२ सालीं ‘सोन्याचा कळस’ हीं वरेरकरांचीं आणखी नाटकें मंडळीनें केलीं. प्रेक्षक आतां केवळ पदांसाठीं नव्हे, तर नाटक काय सांगतें तें पाहण्यासाठींहि येऊं लागला.

१९३७ सालीं बापूरावहि वारले, आणि या वेळीं मंडळी खरोखरच बंद पडली. त्यांचे चिरंजीव भालचंद्र तेव्हां पंधरा वर्षांचे होते. १९४२ सालीं त्यांनीं ती पुन्हां उभी केली, आणि १९५७ सालीं बाळ कोल्हटकरांचें ‘दुरितांचे तिमिर जावो’ रंगभूमीवर आणलें. म्हणजे वडिलांप्रमाणेंच त्यांनींहि नवें नाटक आणि नवीं पदें हातीं घेतलीं.